मल्टिऑर्गन फेल्युअर म्हणजे नेमकं कशाने गेला?

मामा गेला तेव्हा हॉस्पिटलातून जो कागद मिळाला त्याची झेरॉक्स अजून माझ्या ड्रॉवरमधे आहे. पहिल्या ओळीत कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट, दुसरीत मल्टिऑर्गन फेल्युअर, तिसरीत सेप्सिस, पुढे कोरं. म्हणजे श्वास आणि हृदय थांबलं, त्याच्या आधी अवयव बंद पडले, त्याच्या आधी इन्फेक्शन होतं. कसलं इन्फेक्शन, कुठून आलं, किती दिवस अंगात होतं, यातलं एक अक्षर नाही. लेप्टोचा, म्हणजे चिखलापाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तो मरणानंतर तिसऱ्या दिवशी, मामेभावाच्या मोबाईलवर, घरात माणसं भेटायला येत होती तेव्हा, आणि तो रिपोर्ट त्या कागदावर कधीच चढला नाही.

मी डिचोली तालुक्यात एका फार्मासीत काउंटरवर असते, १४ वर्षं झाली. डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे, निदान करणं माझं काम नाही. पण ताप आलेला माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी बहुतेक वेळा आमच्याकडे येतो, म्हणून पावसाळ्यात कुठल्या वाड्यावर काय चाललंय ते आम्हाला लवकर कळतं. आणि मला आता ठामपणे वाटतं की गोव्यात तापाने गेलेल्या माणसाच्या कागदावर 'मल्टिऑर्गन फेल्युअर' लिहून आपण तिथेच थांबतो हे चूक आहे, नुसती कागदाची चूक नाही, पुढच्या पावसात आणखी माणसं जातात त्याचं ते एक कारण आहे. कुठला जंतू, तापाच्या कितव्या दिवशी माणूस डॉक्टरपर्यंत पोचला, लघवी कधीपासून कमी झाली होती, योग्य औषध किती तासांनी शिरेत गेलं, हे दर मरणामागे शोधून काढून, नाव न घेता, तालुकावार लोकांसमोर ठेवायला पाहिजे.

मामाचं काय झालं ते सांगते म्हणजे मी हे का म्हणते ते कळेल. २०२४ चा जुलै, भाताचा तरवा लावून झाला होता, मामाच्या पायाला टाचेजवळ भेग होती आणि तो दिवसभर चिखलात. आठ-दहा दिवसांनी ताप आला. थंडी वाजून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की त्याला संडासला जाताना भिंत धरावी लागत होती, डोळे लाल. त्याने मला फोन केला आणि मी त्याला पॅरासिटामॉल आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक एकत्र असलेली गोळी पाठवली, अंगदुखीसाठी. ती माझी चूक होती आणि मी ती कोणावर ढकलणार नाही. ताप, उलट्या, पाणी पिणं कमी आणि वरून अशी दुखण्याची गोळी, हे सगळं एकत्र आलं की किडनीकडे जाणारं रक्त आणखी कमी होतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं पण घरचा माणूस कळवळत होता आणि त्या क्षणी ते सुचलं नाही. चौथ्या दिवशी तो एका दवाखान्यात गेला, तिथे व्हायरल म्हणून इंजेक्शन आणि सलाईन. पाचव्या दिवशी रक्त तपासलं, प्लेटलेट ८८ हजार, आणि तिथून सगळं घर डेंग्यूच्या मागे लागलं. पपईच्या पानांचा रस, किवी, सकाळ-संध्याकाळ प्लेटलेटचा आकडा फॅमिली ग्रुपवर. सहाव्या दिवशी डेंग्यूची एनएस-१ टेस्ट निगेटिव्ह आली तरी कोणी थांबून विचारलं नाही की मग हे आहे काय. सातव्या दिवशी डोळे पिवळे झाले, कावीळ म्हणून मामी त्याला झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे घेऊन गेली, त्यात दीड दिवस गेला. त्या दीड दिवसात तो फक्त दोनदा लघवीला गेला होता, हे मामीने मला नंतर सांगितलं, तेव्हा तिला कोणी विचारलंच नव्हतं. आठव्या दिवशी संध्याकाळी धाप लागली, थुंकीत रक्त. मग अँब्युलन्स, मोठं हॉस्पिटल, व्हेंटिलेटर, डायलिसिस. दहाव्या दिवशी पहाटे गेला. वय ४९.

लेप्टोचा जंतू उंदराच्या, गुरांच्या, कुत्र्याच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात येतो आणि माणसाच्या भेगेतून, जखमेतून, डोळ्यातून शिरतो. अंगात शिरला की रक्तातून फिरतो आणि त्याला किडनीच्या बारीक नळ्या आवडतात, तिथे बसतो. फसवी गोष्ट अशी की सुरुवातीला बऱ्याच पेशंटची लघवी कमी होत नाही, भरपूर होते, आणि रक्तातलं पोटॅशियम उलट खाली जातं, त्यामुळे किडनी बिघडतेय असं कोणाच्या डोक्यात येत नाही. मग पाणी कमी पडलं, बीपी पडला की एकदम लघवी थांबते. डोळे पिवळे होतात ते लिव्हर सडल्यामुळे नव्हे, लेप्टोत लिव्हरची बाकीची एन्झाइम त्या मानाने थोडीच वाढलेली असतात, आणि माणूस वाचला तर लिव्हर पूर्ण बरं होतं. म्हणजे काविळीचं औषध शोधत फिरायचं तेव्हा खरं संकट किडनीत आणि फुप्फुसात चाललेलं असतं. फुप्फुसात रक्तस्राव सुरू झाला की निम्म्याहून जास्त पेशंट जातात. आडोल्फ वाइल नावाच्या जर्मन डॉक्टरने कावीळ, किडनी आणि ताप असं एकत्र येणारं हे दुखणं १८८६ मधे लिहून ठेवलं होतं. तेव्हा जंतू माहीत नव्हता. आज जंतू माहीत आहे, टेस्ट आहे, औषध डॉक्सीसायक्लिन, जे माझ्या दुकानातल्या स्वस्तातल्या स्वस्त औषधांपैकी आहे, आणि आजार वाढला तर शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोन. यातलं काहीच महाग नाही. २०१५ मधे जगभरचा अंदाज आला होता तो वर्षाला सुमारे १० लाख ३० हजार केसेस आणि ५८ हजार ९०० मृत्यू.

लेप्टो हे एक नाव झालं. डेंग्यू असो, मलेरिया असो, मुत्रमार्गाचं इन्फेक्शन असो, न्यूमोनिया असो, माणूस मरतो तो जवळपास एकाच वाटेने. जंतूशी लढताना शरीर जे काही सोडतं त्याने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, बारीक शिरांतून पाणी बाहेर पाझरतं, आतल्या आत छोट्या गुठळ्या होतात, बीपी पडतो, आणि किडनी, मेंदू, आतडी यांना पुरेसं रक्त आणि ऑक्सिजन मिळत नाही. पुढे पुढे तर ऑक्सिजन पोचला तरी पेशींना तो वापरता येत नाही. यालाच सेप्सिस म्हणतात. २०१६ मधे याची व्याख्या बदलली तेव्हा जोर जंतूवरून काढून अवयवांवर आणला, म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादातून जीवावर बेतेल इतका अवयवांचा बिघाड. फुप्फुस, रक्त गोठणं, लिव्हर, रक्ताभिसरण, मेंदू आणि किडनी अशा सहा गोष्टींना बिघाडाचे मार्क देतात, बिघाड जास्त तितके मार्क जास्त. मार्क २ ने जरी वाढले तरी हॉस्पिटलात मरायची शक्यता साधारण १० टक्के होते, आणि बीपी औषधाशिवाय टिकेना, वरून रक्तात लॅक्टेट, म्हणजे पेशींना ऑक्सिजन पुरेनासा झाला की साठणारं आम्ल, वाढलं, असा शॉक असेल तर ४० टक्क्यांच्या वर. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झालं आणि १ कोटी १० लाख गेले, म्हणजे जगातल्या दर पाच मरणांमागे एक. दर पाचात एक! एवढी माणसं ज्या दुखण्याने जातात त्याचं नावसुद्धा आमच्या वाड्यावर कोणाला माहीत नाही, मामीला ते पहिल्यांदा त्या कागदावर दिसलं.

म्हणून मला त्या प्लेटलेटचा राग येतो. राग आकड्याचा नाही, आपण सगळे त्याच एका आकड्याकडे बघतो याचा. डेंग्यूमधे ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे २४ ते ४८ तास सुरू होतात, कारण त्या वेळी रक्तातलं पाणी बाहेर गळतं आणि रक्त घट्ट होतं, तेव्हा बघायचा तो हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय तो आकडा), बीपी, पोटदुखी, उलट्या, लघवी. घरचे मात्र ताप उतरला म्हणून देवाला नारळ देतात आणि पेशंटला घरी घेऊन येतात. रक्तस्राव नसताना नुसत्या कमी आकड्यासाठी प्लेटलेट चढवून बहुतेक पेशंटना काही फायदा होत नाही, तरी नातेवाईक डॉक्टरशी भांडून प्लेटलेट मागतात, रात्री अकराला रक्तदात्यांसाठी मेसेज फिरतात. त्याच माणसाने सकाळपासून लघवी केली आहे का हे त्या मेसेजमधे कधीच नसतं. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला पाहिजे. सहा तासात १८० मिली, एका मोठ्या कपाएवढी. हे मोजायला लॅब लागत नाही, घरात एक जुनी प्लास्टिकची बाटली लागते.

आणि वेळ. सेप्टिक शॉकमधे बीपी पडल्यावर योग्य अँटिबायोटिक जितके तास उशिरा, तितकी वाचायची शक्यता दर तासाला सरासरी ७.६ टक्क्यांनी कमी होत जाते, असं २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. शॉक असेल तर पहिल्या तासात औषध शिरेत जायला पाहिजे असं आजही जगभरचे आयसीयूवाले सांगतात. डायलिसिसचंही तसंच. ब्राझीलमधे लेप्टोच्या ३३ पेशंटचा एक छोटा अभ्यास झाला, त्यात ज्यांना डायलिसिस उशिरा आणि एक दिवसाआड मिळालं त्या १५ पैकी १० गेले, ज्यांना लगेच आणि रोज मिळालं त्या १८ पैकी ३ गेले. अभ्यास छोटा आहे, मान्य, पण मशीन तेच आणि रोग तोच असताना फरक पडला तो कधी आणि किती वेळा यामुळे. आता आमच्याकडचं बघा. वाळपईच्या पलीकडच्या गावातून बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला यायचं म्हणजे पावसात दीड तास सहज, काणकोणच्या टोकाहून त्याहून जास्त. १०८ आहे, चांगली आहे, २००८ पासून आहे. पण १०८ ला फोन करायचा कधी हेच जर घरच्यांना कळलं नाही तर गाडी काय करणार.

मला कोणी म्हणेल तू एका घरच्या दुःखावरून सगळ्या गोव्याचं बोलतेस. ठीक आहे, घरचं बाजूला ठेवू. आमच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यातला माकडताप घ्या. क्यासनूर जंगलात, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, हा १९५७ मधे ओळखला गेला आणि २०१५ मधे सत्तरीत पाळी गावात आला, पुढच्या वर्षी आणखी गावांत पसरला. काजूच्या मोसमात बोंडू गोळा करायला जाणारी माणसं, बायका जास्त, पाल्यात बसतात, गोचीड चावते. आधी नुसता ताप आणि अंगदुखी, काहींना मग रक्तस्राव, काहींना एक-दोन आठवडे बरं वाटून परत ताप आणि मेंदूवर परिणाम. त्यावर खास औषध नाही, जे काही आहे ते पाणी, बीपी, रक्त यांची वेळेवर काळजी. जुनी लस होती तिचा फायदा कमी म्हणून ती बंद झाली. पण सत्तरीतल्या माणसाला आज विचारा, त्याला माकडताप माहीत आहे, मेलेलं माकड दिसलं की कळवायचं हे माहीत आहे, रानात जाताना अंगाला तेल लावायचं हे माहीत आहे. कारण त्या आजाराला नाव मिळालं, गावाचं नाव मिळालं, महिना मिळाला. पाळीतल्या मरणांवर कोणी मल्टिऑर्गन फेल्युअर लिहून फाईल बंद केली असती तर आज सत्तरीला गोचिडीबद्दल कोणी सांगितलं असतं का?

दुसरं, मधुमेह. २०२३ मधे देशभरचा जो मोठा सर्व्हे आला त्यात गोवा पहिला होता, २६.४ टक्के. दर चार मोठ्या माणसांत एक. साखर वाढलेल्या माणसाला साधं इन्फेक्शनसुद्धा लवकर रक्तात उतरतं, हे सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट मेलिऑयडोसिस. मातीत आणि पाण्यात राहणारा जंतू, आपल्या किनारपट्टीवर खाली उडुपी-मणिपालच्या बाजूला पावसाळ्यात बरेच पेशंट सापडतात, आणि ते बहुतेक मधुमेहवाले. दिसायला न्यूमोनिया किंवा टीबीसारखा, लिव्हरमधे-प्लीहेत गळू होतात, आणि नेहमीचं अँटिबायोटिक पुरत नाही, सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम लागतं आणि नंतर कित्येक महिने गोळ्या. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमधे वाढवून ओळखायची तपासणी, नीट केलं नाही, की हा जंतू सुटून जातो, माणूस जातो, आणि कागदावर परत तेच दोन शब्द. म्हणून जंतूचं नाव महत्त्वाचं आहे. मेलेल्याला त्याचा उपयोग नाही, पण त्याच वाड्यावर, त्याच मातीत, त्याच साखरेचा दुसरा माणूस पुढच्या आठवड्यात तापाने झोपतो त्याला आहे.

आता तो कागद. फॉर्म ४ म्हणतात त्याला, हॉस्पिटलात मरण आलं तर हा भरतात, घरी आलं तर ४-अ. त्या फॉर्मवरच छापलेलं आहे की ज्या रोगाने, इजेने किंवा गुंतागुंतीने मरण आलं ते लिहा, हार्ट फेल्युअरसारखा मरण्याचा प्रकार लिहू नका. खाली ओळी दिलेल्या आहेत त्या कशामुळे काय झालं ते उलट्या क्रमाने मुळापर्यंत जायला. मामाच्या कागदावर शेवटची ओळ भरली असती तर तिथे लेप्टोस्पायरोसिस आलं असतं. गोव्याला तर यात काही अडचण असायला नको, कारण २०२० च्या सरकारी अहवालात देशभरात नोंदलेल्या मरणांपैकी जेमतेम २२.५ टक्के मरणांना डॉक्टरचं कारण-प्रमाणपत्र होतं आणि गोव्यात १०० टक्के. एवढा मोठा फायदा आपल्याकडे आहे! बिहारच्या किंवा झारखंडच्या खेड्यात माणूस कशाने गेला ते डॉक्टर सांगत नाही कारण डॉक्टरच नसतो, आपल्याकडे प्रत्येक मरणामागे एक डॉक्टर सही करतो आणि तरी आपल्याला कळत नाही. २०२३ मधे कायदा बदलला, १ ऑक्टोबर २०२३ पासून हॉस्पिटलने कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाईकाला द्यायची असते, म्हणून तर ती माझ्या ड्रॉवरमधे आहे. कागद घरोघर पोचायला लागला आहे, आता त्यात लिहिलेलं खरं आणि पूर्ण असायला पाहिजे.

रात्री दोन वाजता जो डॉक्टर हा फॉर्म भरतो त्याच्यावर माझा राग नाही. तो बारा-सोळा तास उभा असतो, चार पेशंट एकाच वेळी खाली जात असतात, लेप्टोचा रिपोर्ट आलेला नसतो, नातेवाईक बॉडी मागत असतात, त्याच्या हातात जे आहे ते तो लिहितो. म्हणूनच मी म्हणते की त्याच्या एकट्यावर हे टाकू नका. रिपोर्ट नंतर आला तर तो जोडून कारण सुधारायची साधी सोय ठेवा आणि ती कोणीतरी दर आठवड्याला खरोखर वापरा. तापाची साथ मोजायची यंत्रणा आपल्याकडे २००४ पासून आहे, आयडीएसपी, आरोग्य केंद्रं तिला आकडे पाठवतात. पण ती मुख्यतः केसेस मोजते. डेंग्यूच्या एवढ्या केसेस, एवढ्या पॉझिटिव्ह, पेपरात पण तेच येतं. केस किती उशिरा आली, कुठल्या अवयवावर गेली, वाचली की नाही, हे सामान्य माणसासमोर कधी येत नाही.

हे करता येत नाही असं नाही. केरळचं आरोग्य खातं साथीच्या आजारांचे रोजचे आकडे जाहीर करतं, त्यात लेप्टोची खात्रीची मरणं वेगळी आणि संशयित मरणं वेगळी. म्हणजे रिपोर्ट आलेला नाही म्हणून मरण गायब होत नाही, ते संशयित म्हणून उभं राहतं. २०१८ च्या पुरानंतर तिथे साफसफाई करणाऱ्यांना डॉक्सीसायक्लिन वाटलं, आठवड्याला २०० मिलिग्रॅम, आणि लोक ते नावाने ओळखतात. बाळंतपणात गेलेल्या बायकांच्या प्रत्येक मरणाचा नाव न घेता शोध तिथे २००४ पासून चालला आहे, डॉक्टरांनीच चालवला आहे, कोणाला फासावर द्यायला नाही तर कुठे उशीर झाला ते शिकायला. आपल्याकडे जेमतेम बारा तालुके, शेवटी सगळे गंभीर पेशंट बहुतेक एकाच मेडिकल कॉलेजकडे येतात, जे १८४२ पासून उभं आहे. एवढ्याशा राज्यात पावसाळ्यातल्या तापाच्या प्रत्येक मरणाचा माग काढणं केरळपेक्षा किती सोपं आहे.

मग अडतं कुठे? मला दोन गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे आकडे बाहेर आले की लोक घाबरतील, टुरिस्ट येणार नाहीत. पावसाळ्यात गोव्यात येणारा टुरिस्ट तरवा लावायला येत नाही. आणि घाबरण्याबद्दल म्हणाल तर आमच्याकडचे लोक आताही घाबरलेलेच आहेत, फक्त चुकीच्या गोष्टीला, म्हणून तर पपईची पानं संपतात. दुसरी गोष्ट खरी आहे आणि मी ती हलकी समजत नाही: डॉक्टरांना भीती वाटते की उशीर झाला असं लिहिलं तर नातेवाईक मारायला उठतील किंवा कोर्टात जातील. म्हणून या शोधात डॉक्टरचं, हॉस्पिटलचं, पेशंटचं नाव नकोच. फक्त तालुका, वय, धंदा, मधुमेह होता की नाही, कितवा दिवस, किती तास, कुठला जंतू. माझ्या मामाबद्दल एवढंच छापलं असतं की सत्तरी, ४९, शेतकरी, भात लावणीनंतर, आठव्या दिवशी दाखल, लेप्टो, आधी दुखण्याची गोळी आणि काविळीचा झाडपाला, तर मी ते कापून काउंटरच्या काचेवर चिकटवलं असतं.

वाचलेल्यांबद्दल तर आपण बोलतच नाही. आमच्या बाजूच्या वाड्यावरची एक बाई लेप्टोतून वाचली, तीनदा डायलिसिस झालं, घरी आली, सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण तिला सहा महिने तांब्या उचलवत नव्हता, हिशेब विसरायची, आणि तिने परत किडनी तपासली का तर नाही, कोणी सांगितलंच नाही. किडनीला एकदा असा धक्का बसला की साधारण तीन महिन्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते त्यावरून कळतं) आणि लघवी परत तपासून घ्यायला पाहिजे, कारण काहींची किडनी पूर्ववत होत नाही आणि हळूहळू खाली जाते. सेप्सिसमधून उठलेल्या माणसाला महिनोन् महिने अशक्तपणा, विसरभोळेपणा, परत इन्फेक्शन असं होतं, हे आता चांगलं माहीत झालं आहे. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं डीडीएसएसवाय कार्ड २०१६ पासून आहे, तीन माणसांपर्यंतच्या घराला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख, त्याने हॉस्पिटलचं बिल निघतं. पण डिस्चार्जनंतर त्या बाईच्या घरी जाऊन "आवय, तीन महिने झाले, चल रक्त दे" असं म्हणणारं माणूस कोणीतरी नेमायला पाहिजे, आणि ते आरोग्य केंद्राचंच काम आहे.

काउंटरवर मी आता काय करते ते सांगते. जून ते ऑक्टोबर कोणी तापाची गोळी मागितली की पॅरासिटामॉल सोडून दुखण्याची गोळी मी देत नाही, लोक चिडतात, चिडू दे. आणि विचारते: ताप कितवा दिवस, चिखलात किंवा व्हाळात, ओढ्यात गेला होता का, पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल आहेत का, लघवी शेवटची कधी झाली, बोलताना घोळतो का, श्वास जोरात चालतोय का. मिनिटाला २२ किंवा जास्त श्वास, बीपी वरचा १०० किंवा खाली, किंवा माणूस नेहमीसारखा शुद्धीत नाही, यातलं काहीही असलं तर मी गोळी देत नाही, १०८ चा नंबर देते. हे सगळं नसलं म्हणजे माणूस ठीकच आहे असंही नाही, म्हणून तापाचा तिसरा दिवस झाला की आरोग्य केंद्रात पाठवतेच. गेल्या ऑगस्टमधे एक मुलगी वडिलांसाठी गोळी न्यायला आली, चौथा दिवस, भात लावलेला, सकाळपासून लघवी नाही. ती रडायला लागली, मी पण घाबरले, पण गाडी आली, त्यांना लगेच दाखल केलं. आता ते परत मळ्यात जातात, गमबूट घालून.

मोठ्या सभेत बोलायची मला सवय नाही, पण येत्या ग्रामसभेला मी लेखी देणार आहे, सेक्रेटरीने नोंदवून आरोग्य संचालनालयाला पाठवावं म्हणून. त्यात चारच गोष्टी आहेत. आमच्या आरोग्य केंद्रात येणाऱ्या तापाच्या प्रत्येक पेशंटच्या पेपरवर लघवी आणि श्वासाची नोंद. लावणीच्या आधी मळ्यात उतरणाऱ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सीसायक्लिन आणि गमबूट. गावात तापाने कोणी गेलं तर दीड महिन्याच्या आत त्याचं मूळ कारण, नाव न घेता, पंचायतीच्या बोर्डावर. आणि रिपोर्ट उशिरा आला तर फॉर्म ४ सुधारायची सोय, त्याला अर्ज म्हणून मी मामाच्या कागदाची झेरॉक्स आणि मामेभावाच्या मोबाईलवरच्या त्या रिपोर्टची प्रिंट जोडली आहे. मामीने सही केली आहे, मराठीत, पूर्ण नाव लिहून.